गावरान कोंबडी विकत घेताना: चोच, नखं, वय आणि हिशेब

चिकनच्या दुकानात बहुधा दोन जाळ्या असतात. एकीत पांढरे ब्रॉयलर बसून असतात, दुसरीत लाल, काळे, तपकिरी पक्षी. दुसऱ्या जाळीवर 'गावरान' अशी पाटी आणि भाव दुप्पट किंवा तिप्पट. कारखानी पद्धतीनं वाढवलेलं चिकन नको म्हणणारा माणूस इथे जास्तीचे पैसे मोजतो आणि समाधानानं घरी जातो. पण त्या जाळीतले बरेचसे पक्षीही शेडमध्ये, भाताच्या तुसावर, पोत्यातलं खाद्य खाऊनच वाढलेले असतात. जात वेगळी, पिसांचा रंग वेगळा, बाकी दिनक्रम ब्रॉयलरचाच. पैसे द्यायचेच असतील तर ते पक्ष्याच्या वयाला आणि तो कसा वाढला याला द्यावेत. रंग कुणीही विकतो. या दोन गोष्टी कशा तपासायच्या, ते इथे सांगितलं आहे.

आधी ब्रॉयलर समजून घेऊ

ब्रॉयलरचं पिल्लू उबवणी केंद्रातून बाहेर पडतं तेव्हा चाळीसेक ग्रॅमचं असतं. ३५ ते ४२ दिवसांत ते दोन ते सव्वादोन किलोचं होतं. म्हणजे सहा आठवड्यांत पन्नास पट. हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात, 'इंजेक्शनं देतात हो.' असं काही नसतं. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन असतं. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. टोचायचं म्हटलं तर पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज कोण टोचत बसणार, आणि त्या मजुरीचा हिशेब कसा जमणार? पिल्लांना मिळतात त्या लसी: उबवणी केंद्रातच मॅरेक्सची, पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाची लासोटा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची.

वाढीचं खरं कारण आहे निवड पैदास. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं १९५७ सालची, १९७८ सालची आणि २००५ सालची अशा तीन काळांतल्या कोंबड्यांचे वंश एकाच खाद्यावर, एकाच पद्धतीनं ५६ दिवस वाढवले. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १९५७ चा पक्षी ९०० ग्रॅमच्या आसपास, १९७८ चा १,८०० आणि २००५ चा ४,२०० ग्रॅम भरला. खाद्य तेच असूनही वजनात साडेचार पट फरक पडला, तो सगळा रक्तातला. म्हणून पाकिटावर 'हार्मोन-फ्री' असं छापलेलं दिसलं तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. जे कुणीच घालत नाही ते न घातल्याची ही जाहिरात आहे.

या वेगाची किंमत पक्षी मोजतो. स्नायू झपाट्यानं वाढतात, हृदय, फुप्फुसं आणि पायांची हाडं मागे पडतात. शेवटच्या दोन आठवड्यांत पक्षी उभा कमी राहतो आणि बसून जास्त राहतो. काही पाठीवर पडून अचानक मरतात, काहींच्या पोटात पाणी साठतं. एका पक्ष्याला जागा मिळते जेमतेम चौरस फूट. छातीच्या मांसावर स्नायूंच्या दिशेनं जाणाऱ्या पांढऱ्या रेघा दिसतात त्या याच वेगाच्या खुणा आहेत. काही छात्या हाताला लाकडासारख्या कडक लागतात. त्या शिजवल्यावर चरबट होतात आणि मसाला आत शिरत नाही.

प्रतिजैविकांचं प्रकरण मात्र खरं आहे. गर्दीच्या शेडमध्ये एक पक्षी आजारी पडला की औषध सगळ्यांच्या पाण्यात मिसळलं जातं. वाढीसाठी खाद्यातून बारीक मात्रेत प्रतिजैविकं देण्याची पद्धतही वर्षानुवर्षं चालली. माणसांवर बाकी सगळं निकामी ठरल्यावर वापरलं जाणारं कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांना दिलं जात होतं. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. औषध दिल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचा नसतो. त्या दिवसांत औषध अंगातून निघून जातं. ते दिवस पाळले की तपासणीत अंश सापडत नाहीत, पण शेडमधले जिवाणू औषधाला सरावलेले असतात ते सरावलेलेच राहतात. त्यामुळे 'अंश नाहीत' आणि 'प्रतिजैविकांशिवाय वाढवलेली' हे दोन निराळे दावे आहेत. पाकिटावर यातला कोणता आहे ते नीट वाचावं.

शेतकऱ्याला यात बोल लावण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातला मोठा व्यवसाय करारावर चालतो. पिल्लं, खाद्य, औषध आणि सुपरवायझर कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी शेतकऱ्याची. त्याला मिळतो तो किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज, आणि तोही मरतुक किती झाली, एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागलं यावर कमी-जास्त होतो. पक्षी सावकाश वाढवू, मोकळे सोडू, असं ठरवायचा अधिकारच त्याच्याकडे नसतो.

'गावरान' पाटीखाली काय काय विकलं जातं

ढोबळमानानं चार प्रकार मिळतात.

पहिला, क्रॉस म्हणजे संकरित. सोनाली, कावेरी, डीपी क्रॉस अशा नावांनी पिल्लं येतात, शेडमध्ये वाढतात आणि ७० ते ८० दिवसांत किलोभराची होऊन बाजारात जातात. सोनाली ही मूळची बांगलादेशातली, ऱ्होड आयलंड रेड आणि इजिप्तची फायोमी यांच्या संकरातून तयार केलेली. ब्रॉयलरपेक्षा बऱ्या, मांस थोडं घट्ट, पण हुंदडणं वगैरे काही नाही. शहरात गावरान म्हणून विकला जाणारा माल बहुतांशी हाच.

दुसरा, अंडी देऊन थकलेली लेअर. पिंजऱ्यात दीड वर्ष काढून उत्पादन उतरलं की ती काढून टाकतात. पांढरी असेल तर लगेच ओळखू येते, म्हणून ती स्वस्तात किंवा हॉटेलात जाते. तपकिरी असेल तर गावरानच्या जाळीत शिरते. मांस चिवट असल्यामुळे गिऱ्हाइकाचीही खात्री पटते की अस्सल गावरान मिळाली!

तिसरा, सुधारित देशी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराज. परसात पाळण्यासाठीच या काढल्या आहेत आणि पुण्यात खडकीला असलेल्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या सरकारी केंद्रांतून अशी पिल्लं मिळतात. या मोकळ्या वाढवल्या तर उत्तम, शेडमध्ये कोंडल्या तर पुन्हा पहिल्या प्रकारात जमा.

चौथी, खरी परसातली. हिला पाच-सहा महिने लागतात आणि वजन भरतं किलो-सव्वा किलो. ती उकिरड्यावर, गोठ्यात, बांधावर चरते. शहरात ती नियमित आणि भरपूर मिळणं अवघडच, कारण राणीखेतची साथ आली की वस्तीवरच्या कोंबड्या आठवड्यात साफ होतात. जो दुकानदार वर्षभर, रोज, एकाच वजनाचे पन्नास गावरान पक्षी दाखवतो त्याच्याकडे पहिलाच प्रकार असणार.

कडकनाथ पाचवा म्हणावा का? मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. काळं मांस खरंच आहे, पण त्याभोवतीचे औषधी गुणांचे बहुतेक दावे फुगवलेले आहेत. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात गुंतवणुकीच्या नावाखाली शेतकऱ्यांची जी फसवणूक उघड झाली ती याच फुगवट्यावर उभी होती. कडकनाथही शेडमध्ये वाढवता येतो आणि वाढवतातही.

हातात घेऊन बघा

दुकानदाराला पक्षी धरून दाखवायला सांगा. लाजू नका, मटण घेताना आपण मांडी दाखव म्हणतोच की.

पहिली नजर चोचीवर. वरच्या चोचीचं टोक कापून बोथट केलेलं असेल तर तो पक्षी गर्दीत वाढलेला आहे. दाटीवाटीत पक्षी एकमेकांना टोचतात म्हणून पिल्लूपणी तापलेल्या पात्यानं चोच कापतात. परसातल्या कोंबडीची चोच कुणी कापत नाही, कारण तिनं किडे-दाणे टिपले नाहीत तर पाळणाऱ्याचंच नुकसान. ही खूण लपवता येत नाही, त्यामुळे एवढीच बघायला वेळ असेल तर एवढीच बघा.

मग पाय. पिसं संपून खवले सुरू होतात त्या सांध्याच्या मागच्या बाजूला तपकिरी-काळा डाग किंवा खपली असेल, तळव्याला काळं घट्टं पडलेलं असेल, तर पक्षी ओल्या तुसावर बसून राहिला आहे. विष्ठेतल्या अमोनियानं कातडी भाजते, त्याचे हे व्रण असतात. माती उकरणाऱ्या कोंबडीची नखं झिजून आखूड झालेली असतात आणि पायाची नळी बारीक, खरखरीत असते. लांब, वाकलेली, स्वच्छ नखं दिसली तर तिनं फारशी माती पाहिलेली नाही.

वयासाठी छातीचं मधलं हाड चाचपा. त्याचं शेपटीकडचं टोक बोटानं दाबल्यावर वाकलं तर अजून कूर्चा आहे, पक्षी कोवळा आहे. अजिबात वाकत नसेल तर वय झालेलं आहे. कोंबड्याच्या पायामागचा काटा पाच-सहा महिन्यांपर्यंत नुसता गाठीएवढा असतो, वर्षाच्या कोंबड्याला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा होतो. रस्सा करायचा की सुकं, हे यावरूनच ठरवा.

थकलेली लेअर ओळखायला मानेची पिसं बघावीत. पिंजऱ्याच्या गजांतून मान बाहेर काढून दीड वर्ष खाल्ल्यामुळे गळ्यापुढची पिसं झिजून कातडी उघडी पडते. तुरा मोठा पण फिक्कट आणि लोंबता, पोट सैल, आणि गुदद्वाराखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात. तलंगेला (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला) तिथे जेमतेम एक बोट जातं. एक सावधगिरी: चालू अंड्यावरच्या गावरान कोंबडीचीही हाडं रुंद असतात. म्हणून ही खूण एकटी धरू नका, मानेची पिसं आणि चोच यांच्या जोडीनं धरा.

सगळ्यात भरवशाची तपासणी कापल्यानंतरची. गिझार्ड, म्हणजे दाणे दळणारी जाड स्नायूंची थैली, फेकून न देता आपल्यासमोर उभी चिरायला सांगा. चरणाऱ्या कोंबडीची थैली जाड, गडद लाल, टणक असते. आत बारीक खडे, वाळू, गवताचे तुकडे, कधी किड्याचे पंख निघतात. पोत्यातल्या खाद्यावर वाढलेल्या पक्ष्याची थैली लहान, मऊ असते आणि आत पिवळसर भरडा निघतो. दुकानात आणल्यावर दिवसभर उपाशी ठेवलं तरी खडे आतच राहतात, त्यामुळे इथे फसवायला जागा उरत नाही.

पिवळ्या चरबीवर मात्र भिस्त ठेवू नका. मक्यानं आणि खाद्यात घातलेल्या रंगद्रव्यानंही चरबी आणि कातडी पिवळी होते. वर दुकानदार पक्षी भाजून त्याला हळद चोळतो तेव्हा सगळेच पिवळे दिसतात.

अंड्यांचं थोडक्यात

तपकिरी कवच म्हणजे गावरान नव्हे. कवचाचा रंग जातीवर ठरतो. पिंजऱ्यातल्या तपकिरी लेअरचं अंडंही तपकिरीच असतं, आणि तिथे एका कोंबडीला मिळणारी जागा ए-फोर कागदाहून कमी असते. बलकाचा केशरी रंग झेंडूच्या अर्कासारखी रंगद्रव्यं खाद्यात घालून हवा तसा आणता येतो. त्यापेक्षा वजन आणि एकसारखेपणा बघा. परसातल्या कोंबडीचं अंडं ३५ ते ४५ ग्रॅमचं, फार्मचं ५५ ते ६०. गावरानच्या डझनात आकार, रंग, घडण सगळं सरमिसळ असतं. ट्रेमध्ये तीसच्या तीस तपकिरी अंडी एकाच मापाची असतील तर ती फार्मची समजावीत. तुटवडा का असतो तेही लक्षात घ्या. फार्मवरची लेअर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. गावरान साठ-सत्तर अंडी देते आणि मध्येच खुडूक (अंडी उबवायला) बसते.

भाव खरा की खोटा, हे खाद्यावरून काढा

ब्रॉयलरला एक किलो जिवंत वजनासाठी साधारण १.६ किलो खाद्य पुरतं. दीड किलोचा देशी कोंबडा पाच महिने पूर्णपणे विकतच्या खाद्यावर ठेवला तर तो सात-आठ किलो खाद्य खाईल, म्हणजे किलोमागे पाच किलोच्या आसपास. निव्वळ खाद्याचाच खर्च तिप्पट झाला. चरून अर्धं पोट भरलं तर तो दीडपटीवर येतो, पण मग मरतुक, घार, मुंगूस आणि पाच महिन्यांची राखण आली. म्हणून ब्रॉयलरच्या दीडपट भावात 'फार्म फ्रेश फ्री-रेंज गावरान' घरपोच मिळत असेल तर गणित जुळत नाही. उलट भाव जास्त आहे म्हणून माल खरा असंही नाही, हे वर पाहिलंच.

वजनाचाही हिशेब हवा. सव्वा किलोच्या जिवंत गावरानमधून हातात साधारण ७५० ते ८०० ग्रॅम पडतं, त्यात हाडांचा वाटा मोठा. कातडीसकट भाजून घेतली तर थोडं जास्त मिळतं आणि रश्शाला चवही येते.

पुरवठादार कसा जोडायचा

एकट्यानं दर रविवारी शोधत फिरण्यापेक्षा पाच-सहा घरांनी मिळून एका पाळणाऱ्याशी बॅच ठरवणं सोपं जातं. समजा सहा घरं, प्रत्येकाला महिन्याला एक पक्षी, म्हणजे वर्षाला ७२. पाळणाऱ्याला एकदम ७२ वाढवायला सांगू नका. चार-चार महिन्यांच्या अंतरानं ६० पिल्लांच्या बॅचा सांगा. लसीकरण नीट झालं तरी पंधरा टक्क्यांपर्यंत मरतुक धरावी, ५० पक्षी उरतात. त्यात निम्मे नर. ते पाच महिन्यांनी कापायचे, तलंगा अंड्यांसाठी त्याच्याकडेच राहतील. म्हणजे बॅचमागे २४-२५ कोंबडे, तीन बॅचांत ७२ चा मेळ बसतो आणि पाळणाऱ्याचा अंड्यांचा धंदाही उभा राहतो. फक्त कोंबडे हवेत, तलंगा नकोत, हा आग्रह त्यालाही सोयीचाच आहे. पैसे पिल्लांच्या वेळी एक तृतीयांश आणि उरलेले उचलताना. भाव किलोवर न ठरवता नगावर, किमान वयाच्या अटीसह ठरवा. किलोवर ठरवला की शेवटचा महिना ब्रॉयलरचं फिनिशर खाद्य चारून वजन वाढवण्याचा मोह होतो.

त्याला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. पिल्लं कुठून आणली, कोणत्या दिवशी? राणीखेतच्या लसी दिल्या का? (पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून आर-टू-बी. लस देत नाही, 'सगळं नैसर्गिक' असं कुणी अभिमानानं सांगितलं तर तिथे बॅच ठरवू नका, निम्मे पक्षी उन्हाळ्यात जातील.) जंताचं औषध कधी? आजार आला तर काय देता आणि त्यानंतर किती दिवस थांबता? रात्री कुठे असतात? 'औषध कधीच देत नाही' यापेक्षा 'दिलं तर वहीत लिहितो' हे उत्तर जास्त भरवशाचं.

एकदा दुपारी चारच्या सुमारास, न सांगता किंवा फार तर आदल्या दिवशी सांगून, तिथे जाऊन या. पक्षी कुठे आहेत ते बघा. शेडचं दार उघडं असून सगळे आतच असतील तर बाहेर त्यांना सावली किंवा आडोसा नाही. घारीच्या भीतीनं कोंबडी उघड्या मैदानावर जात नाही. शेवगा, एरंड, तूर, अशी झाडं-झुडपं असलेल्या जागेत ती दिवसभर पांगते. जमिनीवर गवताची काडीही उरली नसेल तर पक्षी जागेच्या मानानं जास्त झालेत.

पाकिटबंद घ्यायचं असेल तर 'नॅचरल', 'फार्म फ्रेश' या शब्दांवरून पक्षी कसा वाढला ते कळत नाही. 'ऑर्गॅनिक' म्हटलं असेल तर जैविक प्रमाणीकरणाचं सरकारी चिन्ह आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा अंकी क्रमांक दोन्ही हवेत.

मोकळी वाढलेली कोंबडी म्हणजे निर्जंतुक कोंबडी असा समज मात्र करून घेऊ नये. साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) तिच्यातही असतो. कच्चं चिकन नळाखाली धो-धो धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. आतून ७४ अंशांपर्यंत शिजलं की झालं. बर्ड फ्लूचे विषाणूही त्या तापमानाला टिकत नाहीत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं चिकन बंद केलं होतं, नीट शिजवलेल्या चिकनमधून धोका नव्हता तरीही.

शिजवताना बिघडतं ते इथे

पहिल्यांदा खरी गावरान आणणारी बरीच घरं पुन्हा ब्रॉयलरकडे वळतात, कारण ती ब्रॉयलरसारखीच शिजवतात. वीस मिनिटांत कढईतलं चिकन व्हावं ही अपेक्षा इथे चालणार नाही.

कापल्यावर काही तास स्नायू आखडलेले असतात. तेव्हाच चुलीवर चढवली तर मांस दोरीसारखं होतं. सकाळी कापलेली रात्री शिजवा. वर्षावरच्या कोंबडीला फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, एक रात्र द्या. कच्च्या पपईचा वाटलेला गर लावायचाच तर किलोला एक चमचा, अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्त ठेवलात तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

किलोभर मांसाला आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ दीड चमचा लावा. थोड्या तेलावर कांदा परतून मांस घाला, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं अंगच्या पाण्यात शिजू द्या. गावरानला ब्रॉयलरइतकं पाणी सुटत नाही, म्हणून खाली लागतंय का ते बघा. मग दीड लिटर कडकडीत पाणी. उघड्या पातेल्यात पाच महिन्यांच्या कोंबड्याला पाऊण ते एक तास, वर्षावरच्या कोंबडीला दीड तास किंवा जास्त. कुकरमध्ये अनुक्रमे चार-पाच शिट्ट्या, आणि सात-आठ शिट्ट्यांनंतर दहा मिनिटं मंद आच. मांडीचं हाड हातानं फिरवल्यावर सुटलं पाहिजे. खोबऱ्याचं वाटण मांस शिजल्यावरच घाला, आधी घातलं तर कुकरच्या तळाला बसून करपतं.

वाटण घालण्याआधी वाटीभर अळणी (मांस शिजलेलं बिनमसाल्याचं पाणी) बाजूला काढून ठेवा. पैशांचं चीज होतं ते या पाण्यात. जुन्या हाडांतून आणि सांध्यांतून जे उतरतं ते सहा आठवड्यांच्या पक्ष्यात तयारच झालेलं नसतं. पाऊण किलो मांसात सहा माणसं जेवतात ती रश्शावर. बोटीच मोजायच्या असतील तर गावरान परवडणार नाही.

कोंबडीपलीकडे

मासळीबद्दल दोनच गोष्टी. रोहू-कटला बहुतांशी आंध्रच्या तळ्यांतून बर्फात येतात आणि पंगस (हॉटेलातला 'बासा') बहुतेक सगळा पाळलेलाच. समुद्राचे बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान मासे खाद्य घालून वाढवलेले नसतात आणि स्वस्तही पडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या काळात 'ताजा' म्हणून मिळणारा मोठा मासा बर्फातला किंवा दुसऱ्या किनाऱ्याचा असायची शक्यता जास्त, तेव्हा सुकट-सोडे बरे.

मटणाच्या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या आपल्या शेळ्या. बंदिस्त शेळीपालन वाढतंय, पण बराचसा माल अजून दोन-चार शेळ्या पाळणाऱ्या घरांतून आठवडी बाजारात येतो. आणि सर्वांत मोकळं वाढलेलं मांस हवं असेल तर ते मेंढीचं. धनगरांचे दख्खनी मेंढ्यांचे कळप महिनोन्महिने चालत असतात, पीक निघालेल्या रानात चरतात, रात्री शेतात बसवल्याचा मोबदला शेतकरी लेंडीखतासाठी देतो. शेड नाही, पेंडीचं पोतं क्वचित. तरी शहरातलं गिऱ्हाईक मेंढी म्हटलं की नाक मुरडतं आणि बोकडच मागतं, त्यामुळे काही दुकानांत मेंढी बोकडाच्या भावात, बोकड म्हणूनच विकली जाते. ही चूक गिऱ्हाइकाची जास्त आहे.

बोकड हवा असेल तर लटकवलेल्या धडावर शेपटी आणि अंडकोष ठेवलेले आहेत का बघा. प्रामाणिक खाटीक ते शेवटपर्यंत काढत नाही. वय दातांवरून: अदात म्हणजे वर्षाच्या आतला, दोन दात म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा, चार दात म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. मेंढी मुद्दाम मागून घ्या, भाव कमी करून घ्या आणि अदातच घ्या. तिची चरबी पांढरी, घट्ट असते आणि वास त्या चरबीतच असतो. पाठीवरचा आणि गुर्द्याभोवतीचा थर तिथेच काढायला सांगा. मांडीपेक्षा खांदा आणि नळ्या घ्या, अर्धा तास दह्यात ठेवून कुकरला पाच शिट्ट्या पुरतात. जेवण गरमच वाढा, गार झालं की ती चरबी टाळूला चिकटते.